चुकलेला स्वल्पविराम आणि तळमजल्यावरची बाई

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर हे पुस्तक उचललं, ते निव्वळ पहिल्या पानाच्या भरवशावर. विक्रेता दोनशे म्हणाला, मी शंभर म्हटलं, दीडशेला पटलं. नाव ‘द एलिगन्स ऑफ द हेजहॉग’. मूळ कादंबरी फ्रेंच, म्युरिएल बार्बरी यांची, २००६ सालची. मी वाचलं ते ॲलिसन अँडरसन यांचं इंग्रजी भाषांतर. माझं इंग्रजी सावकाशीचं, त्यामुळे तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा तत्त्वज्ञानाने खाल्ला, पण त्याबद्दल नंतर.

पॅरिसमधल्या एका श्रीमंत रस्त्यावर सात नंबरची इमारत. त्यात आठ ऐसपैस फ्लॅट. तळमजल्यावरच्या खोलीत रने नावाची चोपन्न वर्षांची विधवा राहते. ती तिथली कॉन्सिएर्ज. म्हणजे वॉचमन, झाडलोट, पोस्ट, पार्सलं, सगळं एकाच बाईच्या गळ्यात. सत्तावीस वर्षं ती हे काम करते आहे. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून ठेवते आणि स्वतः आत बसून टॉलस्टॉय वाचते. मांजराचं नावही टॉलस्टॉयवरूनच, लिओ. पिशवीतून घरी येणारं हॅमही मांजराच्याच पोटात जातं, पण रहिवाशांना वाटावं की बाई हेच खात असणार. कॉन्सिएर्ज अडाणी, फुगलेली आणि चिडकी असते अशी लोकांची समजूत आहे, आणि ती समजूत जपायचं काम रने नोकरीइतक्याच इमानाने करते.

वर पालोमा राहते. साडेबारा वर्षांची, घरातल्या सगळ्यांपेक्षा हुशार, आणि तेरावा वाढदिवस बघायचाच नाही असं मनाशी ठरवून बसलेली. एक खाद्यसमीक्षक मरतो (हा गृहस्थ बार्बरींच्या पहिल्या कादंबरीचा नायक होता), त्याचा फ्लॅट काकुरो ओझू नावाचे जपानी गृहस्थ घेतात, आणि या दोघींना पहिल्यांदा कोणीतरी नीट बघतं. गोष्ट एवढीच.

मी गिरगावातल्या एका प्रेसमध्ये ३१ वर्षं मुद्रितं तपासली. त्यामुळे या पुस्तकातलं एक प्रकरण मी उभ्याने वाचलं. वरच्या मजल्यावरची एक मॅडम रनेला चिठ्ठी पाठवते, धोब्याकडून येणारी पार्सलं घेऊन ठेवा म्हणून. चिठ्ठीत नको तिथे एक स्वल्पविराम पडलेला आहे. रने अक्षरशः हबकते. एवढं शिकलेल्या, एवढ्या पैसेवाल्या बाईला भाषेची चाड नाही? आणि हे कोणाला सांगायचीही सोय नाही, कारण कॉन्सिएर्जला स्वल्पविराम कळतोच कसा! मी हसले आणि मग मला आमच्या लिफ्टमधली नोटीस आठवली. ‘पाणि पुरवठा खंडीत राहिल.’ चार शब्दांत तीन चुका. मी रात्री साडेअकराला खाली जाऊन त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी ग्रुपवर ‘काही समाजकंटक’ असा मेसेज टाकला. त्यात ‘समाजकंटक’ मात्र बरोबर लिहिलं होतं.

मला सगळ्यात आवडली ती मान्युएला. पोर्तुगालहून आलेली, याच इमारतीत धुणीभांडी-साफसफाई करणारी. दर मंगळवारी आणि गुरुवारी ती स्वतः केलेलं काहीतरी गोड घेऊन रनेकडे चहाला येते. दोघी बसतात, मालकिणींच्या गमती सांगतात, चहा पितात. बस. वाचणारे सगळे त्या जपानी गृहस्थांवर भाळतात, पण ते म्हणजे शेवटी परीकथेतला राजपुत्र. श्रीमंत, रसिक, टॉलस्टॉयचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं अर्धं पुरं करणारे. (त्यांच्या घरच्या संडासात अचानक मोझार्ट वाजायला लागतो आणि रनेची गाळण उडते, ते पान मात्र झकास.) असा माणूस वरच्या मजल्यावर राहायला येईल म्हणून कोणी वाट बघत बसलं तर बसूनच राहील. मान्युएला प्रत्येक इमारतीत असते. लेखिकेने तिला आणखी पन्नास पानं द्यायला हवी होती. हवं तर ती हुसर्लच्या खात्यातून काढायची.

हुसर्ल म्हणजे तो तत्त्वज्ञ. लेखिका तत्त्वज्ञानाची प्राध्यापक होती, आणि ते लपत नाही. रने मधूनच त्याच्यावर पानंच्या पानं तोफ डागते. दोन वेळा वाचलं, डोक्यावरून गेलं, पुढे सरकले. तुम्हीही खुशाल सरका, गोष्टीचं काही बिघडत नाही. दुसरी तक्रार अशी की रनेचा स्वभाव पुस्तकाला वाटतो तेवढा निर्मळ नाही. श्रीमंत तिला बघत नाहीत ही तिची तक्रार शंभर टक्के खरी, पण तीही त्यांना कुठे बघते? सगळे मूर्खच. पालोमाचंही तेच. अशा दोन माणसांना एकटेपणा बाहेरून कोणी आणून दिलेला नसतो, थोडासा घरीच विरजलेला असतो. हे लेखिकेला पूर्ण कळलंय की नाही, माझी खात्री झाली नाही.

एक प्रसंग मात्र आत लागला. तो खाद्यसमीक्षक जातो तेव्हा सगळी इमारत हलते, आणि रनेचा नवरा गेला होता तेव्हा वरच्या मजल्यांवर पानही हललं नव्हतं. हे वाचून ‘आमच्या चाळीत असं नव्हतं हो’ म्हणायला जीभ वळवळते. २००९ साली हे गेले तेव्हा आम्ही चाळीतच होतो. बारा दिवस माझ्या घरी चूल पेटू दिली नाही कोणी. पिठलं-भात, वरण-भात, कोणाकडून थालीपीठं. आणि तेराव्याला, ताटं उचलायच्या आधी, समोरच्या काकूंनी विचारलं, ‘भाडेपावती कोणाच्या नावावर करणार गं?’ दोन्ही खरं आहे. शिवाय गॅलरीत पुस्तक घेऊन बसले की ‘वैनींना कामं नाहीत वाटतं’ हे ठरलेलं, म्हणून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आत मोरीजवळच्या स्टुलावर बसून वाचायची. तिथे रने मला इतकी ओळखीची वाटली की पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आता चाळ पडून टॉवर झालाय. आमची जुन्या भाडेकरूंची विंग वेगळी, विक्रीच्या फ्लॅटची वेगळी, गेटही वेगळं. त्यांच्या एका लिफ्टवर ‘सामान व घरकामगार’ अशी पाटी आहे. पॅरिसच्या त्या इमारतीत हे सगळं पाटीशिवाय चालतं, एवढाच फरक.

शेवट सांगते. ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. रने आता कुठे उमलायला लागलेली असते आणि रस्त्यावरच्या एका बेघर माणसाला वाचवायला धावताना गाडीखाली जाते. गाडी कोणाची, तर धोब्याची. चिठ्ठीतली पार्सलं आठवून मी क्षणभर लेखिकेला दाद दिली आणि मग चिडले. पालोमाला जगायचं कारण मिळावं म्हणून रनेला मारायचं? चोपन्नाव्या वर्षी एखादी बाई नवा ड्रेस घालून जेवायला गेली आणि पुढेही जातच राहिली, तर कादंबरीचं काय अडतं? माझं वय चौसष्ट आहे, म्हणून जरा जास्त लागलं असेल.

तरीही पाचपैकी चार तारे. अर्धा हुसर्लमुळे कापला, अर्धा त्या गाडीमुळे.

पुस्तक संपलं त्या रात्री दूध आणायच्या निमित्ताने खाली गेले. आमचा रात्रपाळीचा वॉचमन रजिस्टरच्या आड काहीतरी बघत होता. मला पाहून त्याने ते पटकन झाकलं. माझ्या छातीत धडधडलं. म्हटलं, काय वाचतोस रे? अपेक्षा टॉलस्टॉयची नाही, पण निदान पोलीस भरतीच्या पुस्तकाची तरी होती. त्याने लाजत मोबाइल पुढे केला. कुस्तीचं रील. सांगलीकडचा आहे, भाऊ तालमीत जातो म्हणाला. सहा महिने रोज ‘गुड नाइट आजी’ म्हणतो, आणि गाव मी त्या दिवशी विचारलं. त्याने दुसरी खुर्ची ओढून दिली. दोन रील बघितली. तिसऱ्यात कोणीतरी कोणालातरी धोबीपछाड घातली, मी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाले, आणि वरून कोणीतरी खिडकी लावून घेतली.