१४ फुटी सेल्फ-बेलिंग राफ्ट: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

राफ्ट, म्हणजे खळाळत्या नदीत उतरवायची हवेने फुगवलेली होडी, घेताना सगळे आधी कापड चाचपून बघतात. गाईडची रोज गाठ पडते ती मात्र हवेशी, म्हणून आधी तिचंच सांगतो.

बाहेरच्या ट्यूबचे आतून पडदे घालून चार कप्पे केलेत. मधल्या आडव्या ट्यूब वेगळ्या, तळ वेगळा. त्यामुळे एखादा कप्पा फाटला तरी बाकीच्यांच्या जोरावर काठ गाठता येतो. पण एक कप्पा टम्म आणि शेजारचा रिकामा असं झालं, की सगळा ताण पडद्यावर येतो. म्हणून आळीपाळीने थोडी थोडी हवा भरायची आणि शेवटी दाब मोजायचं गेज लावून २.५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला अडीच पौंड दाब) आसपास आणायची. मोटारीच्या टायरपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण ट्यूबचा घेर मोठा असल्याने एवढ्यावरही कापड चांगलं ताणलं जातं.

राफ्ट थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि काठावर कडक असलेली ट्यूब बोटाने दबायला लागते. पहिल्या रॅपिडच्या, म्हणजे खवळत्या वेगवान पाण्याच्या टप्प्याच्या आधी पुन्हा पंप मारावाच लागतो. नाहीतर मोठ्या लाटेत राफ्ट मधोमध वाकते आणि पुढच्यांनी कितीही वल्हं मारलं तरी जागची हलत नाही. जेवणाच्या थांब्याला उलटी गंमत: उन्हात ओढून ठेवली की फुगते, मग थोडी हवा सोडायची. तळाला मात्र जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे, तो आपला आपण फुसफुसतो.

तळावर मी बेहद्द खूश आहे. तोही हवेचा, कडेने दोरीने ट्यूबला ओवलेला. आत आलेलं पाणी कडेच्या भोकांतून निघून जातं, बादलीने उपसत बसायला नको; सेल्फ-बेलिंग म्हणतात ते हेच. माणसं जास्त बसवली तर तळ दबतो आणि पायाशी पाणी साचतं, तेवढं चालायचंच. डोकेदुखी आहे ती वाळूची. तळ आणि ट्यूबच्या फटीत ती अडकते आणि कापड घासत राहते. रोज संध्याकाळी राफ्ट उभी करून ती फट पाण्याने धुवायलाच हवी.

कापड पीव्हीसीचं. दगडावरून छान सरकतं, पण गारठ्यात घडी घालताना घाम काढतं. हायपॅलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचा थर दिलेलं कापड, त्या बाबतीत मऊ. ड्यूपॉन्टने ते बनवणं २०१० मध्ये बंद केलं, तरी तशा कापडाला लोक अजून हायपॅलॉनच म्हणतात.

खरी तक्रार पाय अडकवायच्या कपांची. आमचा एक कप हंगामाच्या मध्यावरच उचकटला आणि विक्रेत्याने ‘चिकटवलेल्या वस्तूंना वॉरंटी नाही’ म्हणून हात वर केले. ट्यूबवर बसलेल्या माणसाला तोच तर आधार! शेवटी जुना गोंद खरवडून, पातळ थर देऊन आम्हीच तो पुन्हा बसवला. घेणार असाल तर कप शिवून-चिकटवून दिलेत का, ते पैसे देण्याआधी विचारा.