मूळ स्टेअरिंग की छोटं स्पोर्टी? आधी हॉर्नचं पॅड बघा

छोटं स्टेअरिंग घ्यायला निघालेला माणूस आधी ब्रँड विचारतो, मग इंच. दोन्हीच्या आधी गाडीत बसून हॉर्नच्या पॅडकडे एकदा नीट बघावं. तिथे 'एसआरएस एअरबॅग' असं उमटवलेलं असेल तर तुमचा निर्णय एका प्रकारचा, नुसता कंपनीचा लोगो असेल तर दुसऱ्या प्रकारचा. दोघांना मिळून एकच सल्ला देता येत नाही, त्यामुळे आधी सोपं प्रकरण निकालात काढू.

पॅडखाली एअरबॅग असेल तर

1 जुलै 2019 पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक प्रवासी मोटारीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. गाडी त्यानंतरची असेल तर पॅड बघायचीही गरज नाही. त्याआधीच्या गाड्यांत वरच्या व्हेरिएंटला मिळायची, खालच्यांना नाही, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानं तपासावं.

त्या पॅडखाली घडी घातलेली पिशवी आणि ती फुगवणारा छोटा स्फोटक भाग असतो. जोरदार धडकेत साधारण 30 मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, ती फुगते. तिची वायर 'क्लॉक स्प्रिंग' नावाच्या चपट्या गुंडाळीतून जाते. स्टेअरिंग कितीही फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून ही सोय. बाजारातलं छोटं स्टेअरिंग बसवलं की पिशवी जाते, गुंडाळी निकामी होते आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. मग काही दुकानदार कनेक्टरमध्ये एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा भाग, अडकवून देतात. गाडीच्या कंट्रोल युनिटला वाटतं पिशवी जागेवर आहे, दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. माझ्या मते या सगळ्या धंद्यातला हा सगळ्यात वाईट भाग आहे. कारण उद्या ही गाडी विकली, तर घेणाऱ्याला दिवा विझलेला दिसणार आणि तो निर्धास्त बायकोपोरांना घेऊन गावी निघणार. दिवा पेटता ठेवला तरी बरं नाही: काही गाड्यांत दोष नोंदला गेला की बाजूच्या सीटची एअरबॅग आणि बेल्ट आवळणारी यंत्रणाही बंद पडते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक पद्धतीनंच वाचलं. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182 ए मध्ये नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाक्यावरचा हवालदार स्टेअरिंग मोजत बसणार नाही हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो, आणि एअरबॅग जिथे असायला हवी तिथे ॲल्युमिनियमचे तीन स्पोक दिसले की त्याला वेगळं काही शोधावं लागत नाही.

शिवाय स्टेअरिंगवरची आवाजाची, फोनची, क्रूझची बटणं जातात. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत स्टेअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर असतो. उघडताना तो हलला तर स्कॅनर लावून पुन्हा सेट करावा लागतो.

इतकं सगळं देऊन मिळतं काय? हाताला जाड, मऊ रिम. ती इतर मार्गांनीही मिळते. एक, मूळ स्टेअरिंगवरच अस्सल चामडं शिवून घेणं. सीटकव्हर शिवणारे चांगले कारागीर हे काम करतात, आणि अंगठा जिथे टेकतो तिथे खाली पातळ फोमचा थर द्यायला सांगितलं की पकड खरोखर बदलते. रबरी कव्हर मात्र नको. एका हातानं रिम घट्ट धरून दुसऱ्या हातानं कव्हर पिळून बघा. ते रिमवर जरा जरी सरकलं तर घाटात ऐन वळणावरही सरकेल. दोन, त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचं कंपनीचं स्टेअरिंग. 2018 च्या स्विफ्टपासून खालून सपाट असलेलं स्टेअरिंग साध्या घरातल्या गाडीतही आलं, त्यामुळे स्पोर्टी दिसण्यासाठी बाहेर जायची गरज बरीच कमी झाली आहे. फक्त पार्ट नंबर गाडीच्या सालाशी जुळवूनच घ्या, आणि भंगारातली एअरबॅग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

एअरबॅगवाल्यांसाठी माझं उत्तर इथेच संपतं: मूळ ठेवा. पुढचं सगळं जुन्या गाडीवाल्यांसाठी.

एअरबॅग नसलेली जुनी गाडी: खरी तुलना इथे आहे

मारुती 800, झेन, एस्टीम, जिप्सी. या गाड्या आजही हौसेनं जपणारे पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली खरेदी स्टेअरिंगच असते. त्यांच्याकडे गमावण्यासारखी एअरबॅग नाही, त्यामुळे तुलना निदान बरोबरीची होते. कलम 52 यांनाही लागू आहेच, पण सुरक्षेचं गणित वेगळं आहे.

छोट्या गाड्यांची मूळ स्टेअरिंग साधारण 370 ते 380 मिमी व्यासाची असतात. टेप लावून आपलं मोजून घ्या. बाजारात मुख्यतः 350 मिमी, म्हणजे दुकानात ज्याला 'चौदा इंची' म्हणतात ते, आणि 330 व 320 मिमी, म्हणजे 'तेरा इंची' किंवा त्याहून लहान, मिळतात. समजा मूळ 375 आहे. 350 लावलं तर तेवढंच वळण घ्यायला हाताला साधारण 7 टक्के जास्त जोर लागतो. 330 ला 14 टक्के, 320 ला 17. कारण सरळ आहे: ज्या दांडीनं पिळायचं ती आखूड झाली. पूर्वीच्या एसटीचं स्टेअरिंग परातीएवढं का असायचं, त्याचं कारणही हेच.

ज्या गाडीला पॉवर स्टेअरिंग आहे तिथे हे आकडे विसरा. पंप किंवा मोटर तेवढा फरक गिळून टाकते. उलट जुनी हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग कधीकधी नको इतकी हलकी असते, तिथे 350 ची रिम जोड म्हणून छान बसते. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या 800 किंवा जिप्सीत मात्र फरक कळतो, आणि तो ताम्हिणीत नव्हे तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळतो. गाडी चालू लागली की स्टेअरिंग हलकं होतंच. उभ्या गाडीत, दोन खांबांच्या मध्ये, भिंतीला घासून रिव्हर्स घेताना 320 ची रिम खांद्याला लागते. त्यात आधीच कंपनीपेक्षा रुंद टायर आणि अलॉय घातले असतील तर आणखीच. गाडी घरातलं वयस्कर माणूसही चालवत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय 350 च्या खाली जाऊ नये. 350 चे 7 टक्के बहुतेकांना चार दिवसांत सवयीचे होतात.

आता एक गैरसमज. 'छोटं स्टेअरिंग लावलं की गाडी पटकन वळते' असं सर्रास सांगितलं जातं. चाकं किती वळणार हे स्टेअरिंग बॉक्समधल्या किंवा रॅकमधल्या दात्यांवर ठरतं, आणि त्यांना तुम्ही हात लावलेला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी जेवढे फेरे लागायचे तेवढेच आताही लागतात. वरंधा घाटातल्या हेअरपिनला हातावर हात टाकायचा तो टाकावाच लागतो. कमी होतं ते हाताचं अंतर: 375 ची रिम पूर्ण फिरवायला हात सुमारे 118 सेंटीमीटर फिरतो, 330 ला सुमारे 104. लांबलचक सौम्य वळणांवर, जिथे मनगटानंच काम होतं, हे खरंच तरतरीत वाटतं. गाडी जास्त चपळ झाल्याचा भास त्यातूनच येतो, आणि खरं सांगायचं तर तो भास सुखद असतो. त्यासाठी पैसे घालायला माझी हरकत नाही, फक्त ते कशासाठी घालतोय हे माहीत असावं.

रस्ता हाताला जास्त कळणं हा दुसरा बदल, आणि तो दुधारी आहे. मूळ स्टेअरिंगच्या जड रिममुळे खड्ड्याचा दणका थोडा जिरतो. ॲल्युमिनियमची हलकी, छोटी रिम तो जसाच्या तसा हातात आणून देते. टायरखाली काय चाललंय ते समजतं हा आनंद. पावसाळ्यानंतरच्या मुंबई-गोवा रस्त्यावर मनगटं दुखतात ही किंमत. जिप्सीसारख्या गाडीत, जिथे दगडावरून चाक गेलं की स्टेअरिंग उलटा झटका मारतं, तिथे मी मूळ मोठी रिमच ठेवीन. ऑफरोडला जाणाऱ्यानं अंगठे रिमच्या आत अडकवू नयेत हा जुना नियम छोट्या रिमला दुप्पट लागू.

उंच माणसाला मात्र छोट्या रिमचा निर्विवाद फायदा आहे. 800 मध्ये बसल्यावर गुडघे रिमला टेकणाऱ्यांना 350 ची, त्यातही खालून सपाट रिम, क्लच दाबायला जागा करून देते. दिसणं वगैरे सोडा, या एका कारणासाठी बदलणाऱ्यांना मी लगेच हो म्हणतो.

त्याच उंच माणसाला दुसरीकडे त्रास होऊ शकतो: मीटर. मूळ रिमच्या वरच्या अर्ध्या वर्तुळातून स्पीडोमीटर दिसावा असंच डॅशबोर्ड आखलेलं असतं. रिम लहान झाली की ती नेमकी 60 ते 100 च्या आकड्यांवर येते. प्यूजो कंपनीनं 2012 च्या 208 पासून मुद्दाम छोटं स्टेअरिंग दिलं, पण तेव्हा त्यांनी मीटरच उचलून रिमच्या वर नेला, रिमच्या आतून नव्हे तर वरून बघायचा. तरीही सीटच्या ठेवणीवरून काहींना अर्धा मीटर झाकलेला दिसतो अशी तक्रार राहिलीच. आपल्या जुन्या गाडीत मीटर उचलायची सोय नाही. म्हणून विकत घेण्याआधी पुठ्ठ्याची 350 आणि 330 ची वर्तुळं कापा, मूळ रिमवर धरा आणि आपल्या रोजच्या बैठकीतून बघा. फुकटात उत्तर मिळतं.

बॉस किट: दुकानदार ज्याबद्दल बोलत नाही ते

स्टेअरिंग थेट गाडीला बसत नाही, मध्ये दोघांना जोडणारा तुकडा, म्हणजे बॉस किट, लागतं. त्याच्या आतले दाते गाडीच्या शाफ्टशी जुळायला हवेत, म्हणजे ते गाडीनुसार वेगळं. बाहेरच्या बाजूला सहा बोल्ट: मोमोच्या पद्धतीत ते 70 मिमीच्या वर्तुळावर, नार्डीच्या पद्धतीत 74 मिमीच्या. चार मिलिमीटरचाच फरक, पण एकाचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या बॉसवर बसत नाही. दोन्ही स्टेअरिंग बनवणाऱ्या इटालियन कंपन्या, दोन्हींची नक्कल आपल्याकडे ढिगानं मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत 'मोमो' लिहिलेलं जे काही हजारात मिळतं, ते मोमोचं नसतं. अस्सल नवीन घ्यायला गेलात तर किंमत पाच आकडी होते. नक्कल घ्यायचीच असेल तर रिम दोन्ही हातांनी धरून पुढेमागे वाकवून बघा. स्पोक जिथे रिमला मिळतो तिथे करकर आवाज आला तर परत ठेवा. सुएडसारख्या खरखरीत कापडाच्या मोहात कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पडू नये. घामानं ते थोड्याच काळात चकचकीत आणि तेलकट होतं. साधं चामडं बरं.

बॉस किटची जाडी हा खरा फसवा भाग. त्यामुळे स्टेअरिंग काही सेंटीमीटर तुमच्याकडे सरकतं. खोलगट 'डिश' रिम घेतली तर आणखी. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या मात्र जागच्या जागी राहतात. आधी बोटाच्या टोकानं लागणारा इंडिकेटर आता हात सोडून गाठावा लागतो, आणि मग माणूस इंडिकेटर देणंच टाळायला लागतो. छातीपासून स्टेअरिंगचा मध्य जवळ येतो हेही विसरू नका. एअरबॅग नसलेल्या गाडीत मध्यभागी कठीण धातू असतो, त्यामुळे सीट एक खाच मागे घ्या आणि बेल्ट लावायचाच. रस्त्यावरच्या गाडीला पातळ बॉस आणि सपाट रिम, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे प्रश्न सुटतात. झटक्यात निघणारी क्विक रिलीज रॅलीच्या गाड्यांना शोभते, जिथे रोल केजमधून, म्हणजे आतल्या लोखंडी पिंजऱ्यातून, आत-बाहेर करायचं असतं. रोजच्या गाडीत तिची स्वस्त नक्कल म्हणजे स्टेअरिंग हातात येण्याची शक्यता विकत घेणं.

बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. मधलं पॅड काढल्यावर शाफ्टवर आणि जुन्या स्टेअरिंगवर मार्करनं एक सरळ रेघ मारून घ्यायला सांगा, नाहीतर एक दाता चुकतो आणि गाडी सरळ जाताना स्पोक तिरपे दिसतात. मग अलाइनमेंटवाला टाय रॉड, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्या, फिरवून ते 'सरळ' करतो, आणि वळायची मर्यादा एका बाजूला कमी होते. मोठा नट पूर्ण काढून स्टेअरिंग खेचू देऊ नका. दोन-चार आटे धरून राहू द्या, म्हणजे ते अचानक सुटलं तरी तोंडावर येत नाही. ठोकून काढणारा मेकॅनिक असेल तर तिथेच थांबवा, पुलर, म्हणजे स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार, मागा. नट परत कसताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरानं कसणारा पाना, हवा.

गाडी बाहेर काढण्याआधी जागेवरच तीन गोष्टी बघा. स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवत हॉर्न सतत वाजतो का. मध्येच बंद होत असेल तर बॉसमधली पट्टी नीट टेकत नाही. वळणानंतर इंडिकेटर आपोआप मागे येतो का. येत नसेल तर बॉसच्या मागची ती छोटी खुंटी खाचेत बसलेली नाही. आणि सरळ धरल्यावर मीटर दिसतो का.

मूळ स्टेअरिंग, पॅड आणि नट एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. 15 वर्षांची झालेली गाडी पुन्हा नोंदवताना फिटनेसला जावं लागतं, नंतर दर पाच वर्षांनीही, आणि तिथे कंपनीचं स्टेअरिंग लावून गेलेलं बरं. जुन्या 800 चं चांगलं स्टेअरिंग शोधायला गेलात तर आता भंगारवालेही भाव खातात.