फुकटचं रडार आणि मांडवीवरचे पूल: सेंटिनेल-१ कितपत कामाचा?

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार-प्रतिमा कुणालाही फुकट मिळतात. हायपी३ ही अमेरिकी ऑनलाइन सेवा तर त्या प्रतिमांच्या जोड्या लावून जमीन किती हलली याचे नकाशेही तयार करून देते, तेही फुकट. पुलांची हालचाल मोजायला मात्र हे तयार नकाशे वापरू नयेत. त्यांचा पिक्सेल साधारणपणे ४० किंवा ८० मीटरचा असतो, बारीकातला बारीक पर्यायही २० मीटरचा. गोव्यातल्या मांडवी नदीवर एवढ्या पिक्सेलमध्ये पूल थोडा आणि पाणी जास्त येतं, आणि पाण्याचा फेज (परतलेली लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) दर फेरीला बदलत असल्याने आकडा निरर्थक ठरतो.

मूळ एसएलसी प्रतिमा (पूर्ण बारकाईच्या, फेज राखलेल्या) उतरवून घेतल्या तर चित्र बदलतं. त्यांची बारकाई साधारण ५ बाय २० मीटर असते. स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये जोड्या जुळवायच्या आणि स्टॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कायम चमकणारे बिंदू शोधायचे: कठडे, दिव्याचे खांब, गर्डरच्या कडा. किमान २०-२५ प्रतिमा हव्यात. एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच मार्गावर येतो, म्हणजे आकडा साधारण आठ-दहा महिन्यांत भरतो. तरी एक पूर्ण वर्ष झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण तापमानाने होणारं प्रसरण त्याआधी वेगळं काढता येत नाही. ज्याच्या तुलनेत हालचाल मोजायची तो संदर्भबिंदू नदीपलीकडच्या पर्वरीच्या पठारावर, जांभ्यावर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीवर घ्यावा. पणजीतल्या पाटोच्या भरावावर घेतला तर संदर्भच खचत असण्याची शक्यता राहते आणि पूल वर उचलला जातोय असं दिसू लागतं.

सेंटिनेल-१ची रडार-लहर ५.५ सेंटिमीटरची आणि ती जाऊन परत येते, त्यामुळे २.८ सेंटिमीटर हालचालीला फेजचं एक चक्र पूर्ण होतं. लागोपाठच्या दोन प्रतिमांत शेजारच्या बिंदूंमधला फरक १.४ सेंटिमीटरच्या वर गेला की चक्र मोजण्यात चूक होते. संथ खचणं वर्षाला एक-दोन मिलिमीटरपर्यंत पकडता येतं, अचानक बसलेला हादरा नाही.

गोव्यातली खरी मेख दिशेची आहे. उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतो आणि बाजूला बघतो, त्यामुळे उत्तर-दक्षिण दिशेतली हालचाल त्याला जवळजवळ दिसत नाही. पणजी-पर्वरीचे तिन्ही मांडवी पूल आणि आगशी-कुठ्ठाळीचा झुआरी पूल साधारण त्याच दिशेने जातात. एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी सोडलेली फट) अडकलाय का, बेअरिंग (गर्डरखालचा आधार) सरकतंय का, हे लांबीच्या दिशेचे प्रश्न आहेत आणि तिथे हा उपग्रह आंधळा आहे. त्यासाठी जॉइंटवर साधा डिस्प्लेसमेंट सेन्सर बसवणंच योग्य. उभं खचणं मात्र चांगलं दिसतं: १० मिलिमीटरपैकी साडेसात-आठ.

मांडवीवर आणखी एक गुंता आहे. पाण्यावरच्या पुलाचा प्रतिध्वनी एकदा थेट, एकदा पाण्यावर आपटून, कधी दोनदा आपटून येतो, आणि एकाच पुलाच्या समांतर रेषा उमटतात. इथे तीन पूल अगदी शेजारी, त्यात २०१९ साली खुला झालेला अटल सेतू बाकीच्या दोघांपेक्षा उंच. कुठला बिंदू कुठल्या पुलाचा, हे प्रत्येक बिंदूची उंची काढूनच ठरवावं. ही पायरी गाळलेला अहवाल स्वीकारू नये.

चमकणारे बिंदू कमी पडले तर लहर उपग्रहाकडे परत फेकणारे कॉर्नर रिफ्लेक्टर पुलावर बसवता येतात: ॲल्युमिनियमचे तीन पत्रे काटकोनात, बाजू ७० सेंटिमीटर ते १ मीटर. तळाला भोकं ठेवावीत, नाहीतर जूनमध्ये पाणी साचून परतीचा सिग्नल बिघडतो. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यावर पत्रा खाल्ला जातो.

कामाची सर्वोत्तम जागा पुलाच्या दोन्ही टोकांचे भराव. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) मऊ चिखलावर टाकलेला भराव वर्षानुवर्षं खचत राहतो, पाइल्सवरचा (खोल रोवलेल्या खांबांवरचा) पूल खचत नाही, आणि सांध्यावर उंचवटा तयार होतो. हा फरक सेंटिनेल-१ अगदी छान दाखवतो. सार्वजनिक बांधकाम खात्याने सुरुवात इथूनच करावी.

पायाखालची वाळू वाहून जाणं किंवा काँक्रीटच्या आत केबल गंजणं रडारला दिसत नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळलेला पाहिलेल्या राज्यात हे स्पष्ट सांगायलाच हवं. पाण्याखालची तपासणी आणि केबलची चाचणी यांचा खर्च या रडारच्या भरवशावर कापला तर ते धोक्याचं आहे.

पणजीजवळच्या रायबंदरच्या बांधासारख्या, कडेला कांदळवन असलेल्या जागी सेंटिनेल-१ची लहर पानांवरच विखुरते. तिथे ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लांब (एल-बँड) लहर अधिक टिकेल. अरुंद पुलासाठी तपशील हवा असेल तर टेरासार-एक्ससारख्या उपग्रहाच्या विकतच्या एक्स-बँड (आखूड लहरीच्या) प्रतिमा घ्याव्यात, मीटरभराच्या बारकाईच्या. पैसे तिथे खर्च करणं रास्त आहे, पण आधी फुकटच्या प्रतिमांवर वर्षभराची मालिका लावून नेमका कुठला स्पॅन (दोन खांबांमधला भाग) संशयास्पद आहे ते हेरावं आणि तेवढ्याचीच मागणी नोंदवावी.