बागेसाठी छोटी ग्रँट घेतली, वर्षभराचा अनुभव (5 पैकी साडेतीन स्टार)

शेवटचा हप्ता हातात पडल्याशिवाय रिव्ह्यू लिहायचा नाही असं ठरवलं होतं, तो आत्ता पडला, म्हणून लिहितेय. शहरातल्या मोकळ्या हिरव्या जागा सांभाळणाऱ्या ग्रुपना छोटी रक्कम देणारी ही स्कीम आहे, नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशा बहुतेक स्कीमचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आमचा ग्रुप म्हणजे 9 माणसं, एक पडीक कोपरा आणि 40 रोपं.

आधी चांगलं सांगते. फॉर्म दोनच पानांचा होता, भाषा सरळ, आणि फोन केला की माणूस बोलतो, रेकॉर्ड केलेला आवाज नाही. ज्या बाई फोनवर असायच्या त्यांनी एकदा आमचं बजेट ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करून दिलं. 'जागेची गरज का आहे' या रकान्यात सगळे 'हिरवाई महत्त्वाची आहे' असलं काहीतरी लिहितात, आम्ही 3-30-300 चा नियम वापरला. सेसिल कोनाइनेन्दाइक या डच तज्ज्ञाने 2021 मध्ये मांडलेला आहे: प्रत्येक घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीचा 30 टक्के भाग झाडांच्या सावलीखाली असावा आणि सगळ्यात जवळची बाग 300 मीटरच्या आत असावी. आम्ही दोघी एका संध्याकाळी घरोघरी जाऊन खिडकीतून किती झाडं दिसतात ते मोजून आलो आणि तो आकडा फॉर्ममध्ये टाकला. माझ्या मते मंजुरी त्या एका ओळीवर मिळाली.

आता कटकटी. पहिली म्हणजे आमची नोंदणी नाही की ग्रुपच्या नावाचं खातं नाही, आणि पैसे फक्त नोंदणीकृत संस्थेलाच मिळतात. म्हणून एका ओळखीच्या संस्थेच्या छत्राखाली गेलो, अर्ज त्यांचा, खातं त्यांचं, काम आमचं. त्यात चूक काही नाही, सगळीकडे असंच चालतं, पण ते लोक हिशोब ठेवण्याचे म्हणून काही टक्के कापतात आणि त्याला बजेटमध्ये रकानाच नाही, सो ते खिशातून. जागामालकाच्या लेखी परवानगीला तर फॉर्म भरण्याच्या दसपट वेळ गेला, त्यावर लिहीत बसत नाही.

दुसरी, मंजुरीच्या तारखेआधी केलेलं काम धरत नाहीत. आम्ही उत्साहात कचरा आधीच साफ करून बसलो होतो. मग त्यांना 'आधीचा फोटो' हवा! शेवटी एका काकांच्या फोनमध्ये त्यांच्या कुत्र्याचा फोटो सापडला, मागे आमचा उकिरडा व्यवस्थित फोकसमध्ये, तोच जोडला. 1973 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी असाच कचऱ्याने भरलेला प्लॉट साफ करून बाग केली होती आणि पुढच्या वर्षी ती जागा त्यांना महिना 1 डॉलर भाड्याने रीतसर मिळाली. त्यांना हा फॉर्म भरायला लावला असता तर साफसफाईचा खर्च नामंजूर झाला असता एवढं नक्की.

तिसरी आणि खरी तक्रार, जिच्यासाठी दीड स्टार कापलाय. बजेटमध्ये रोपं चालतात, माती चालते, खत, अवजारं, बोर्ड सगळं चालतं, पण पाणी आणि देखभाल चालत नाही आणि मुदत एक वर्षाची. अहो, नवीन झाडाला पहिली 2-3 वर्षं हाताने पाणी घालावं लागतं, कारण मुळं अजून पिशवीएवढ्या मातीतच असतात आणि अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या 30-60 सेंमीमध्ये, म्हणजे उन्हात सगळ्यात आधी सुकते त्याच थरात. म्हणजे ग्रँट रोप विकत घेऊन देते आणि ते तहानलेलं असताना निघून जाते. आमचा नळ 60 मीटर लांब, पाईप 30 मीटरचा. दुसरा पाईप घेतला तर तो 'पाणीपुरवठा' म्हणून बाद! बोर्डवरच्या लोगोची रुंदी मात्र सेंटिमीटरमध्ये लिहून दिली होती. झाड वाळलं तरी चालेल, लोगो वाकडा नको.

(4 रोपं गेली ती मात्र आमच्या चुकीने. पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 10 सेंमी जाड घालायचं आणि खोडाभोवती मोकळी जागा सोडायची असते, आम्ही हौसेने खोडाला डोंगर लावले आणि ओलाव्याने साल कुजली.)

पैसे आधी आपण खर्च करायचे आणि बिलं दाखवून परत घ्यायचे, हे पण लक्षात ठेवा. अवजारांचं बिल थर्मल कागदावरचं होतं, ते खिडकीजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि रिपोर्टच्या वेळी काढलं तर कोरा कागद. आकडा नाही, तारीख नाही. फोनवरच्या त्या बाई, दुकानाकडून डुप्लिकेट आणलं तर चालेल, म्हणाल्या म्हणून वाचलो. तेव्हापासून बिल हातात आलं की आधी फोटो, मग पिशवी उचलायची.

गंमत म्हणजे जी अट सगळ्यात जाचक वाटली होती तीच कामाची निघाली. आपला वाटा म्हणून पैशांऐवजी श्रमाचे तास दाखवता येतात, पण त्यासाठी रजिस्टर हवं. कुत्र्यावाले काका रिटायर्ड, त्यांनी वही घातली, कोण आलं, किती वाजता आलं, कधी गेलं. दोन महिन्यांनी वही चाळली तर रविवारी सगळेच्या सगळे हजर, फोटोबिटो, आणि मंगळवार ते शुक्रवार पाणी घालायला फक्त काका. रोपं का माना टाकतायत ते इतके दिवस आम्ही मातीत शोधत होतो! मग वार वाटून घेतले, माझ्याकडे बुधवार आला, आणि नंतर एकही रोप गेलं नाही.

तर घ्यावी का? 8-10 जण असाल, त्यातला एक हिशोबाला पक्का असेल आणि पैसे परत येईपर्यंत कळ काढता येत असेल तर घ्या. दोघं-तिघंच असाल तर या भानगडीत पडू नका, वर्गणी काढा.

आम्ही पुढच्या राउंडचा फॉर्म भरतोय. पाईप या वेळी 'अवजारं' मध्ये टाकलाय, बघू.