सायलेंट व्हॅलीची जीप फेरी: वाघासाठी जात असाल तर नका जाऊ

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून केरळला जाऊन आलो, त्यातला सायलेंट व्हॅली या राष्ट्रीय उद्यानातला एकच दिवस लिहितोय, कारण आमच्या रामबागेतल्या तीन घरांनी विचारून विचारून डोकं खाल्लंय.

आधी बुकिंगची रड. इथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याने "कान्हासारखी सफारी, टायगर पक्का" म्हणत पॅकेज गळ्यात मारलं, जीपचे वेगळे पैसे घेतले, आणि तिथे पोचल्यावर कळलं की मुक्कालीला, म्हणजे उद्यानात शिरायच्या गावी, वनखात्याकडेच जीप आणि गाइड दोन्ही मिळतात, फक्त आधी जागा धरून ठेवायची. घरबसल्या झालं असतं भिया! आपली अहिल्यानगरी एक्सप्रेस पण आठवड्यातून एकदा थेट पालक्काडला जाते, दोन रात्री काढायची तयारी हवी बस.

मुक्काली ते आत जंगलातलं सैरंध्री 23 किलोमीटर, जीप निवांत चालते आणि अंगातली हाडं मोजून होतात. पहिला अर्धा तास काहीच नाही. मुलगा म्हणे, बाबा हे तर आपल्या इंदूरजवळच्या चोरलसारखंच आहे, फक्त हिरवं जास्त. मग गाइडने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, इंजिन बंद, आणि वर बोट. आम्ही सगळे चुकीच्या फांदीकडे बघतोय. दोन मिनिटांनी दिसलं, काळं कुळकुळीत तोंड, भोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. सिंहपुच्छ वानर. पश्चिम घाट सोडला तर जगात कुठेच नाही, आणि ओंकारेश्वरच्या माकडांसारखं पिशवीवर झडप वगैरे काही नाही, आमच्याकडे ढुंकूनही न बघता पानं चाळत बसलं होतं. गाइड जवळच्याच आदिवासी पाड्यातला, हिंदी मोडकी पण नजर जबरदस्त. त्याने खाली पडलेलं एक काटेरी टरफल हातात दिलं, छोट्या फणसासारखं, तिकडे त्या झाडाला वेडीप्लाव म्हणतात, म्हणजे बार उडणारा फणस, पिकलं की फुटतं. या वानरांचं बरंचसं पोट त्याच झाडावर, आणि ती जमिनीवर फारशी उतरत नाहीत, फांदीवरून फांदीवर जातात, म्हणून जंगलाचे मधेच तुकडे पडले की ती अडकतात. बायकोने तेवढ्यात शेवेचं पाकीट काढलं, गाइडने हात जोडून परत बॅगेत ठेवायला लावलं. बरोबर केलं.

जळवा आहेत. पायजमा मोज्यात खोचा, लाज बाळगू नका. मला घोट्यावर एक लागली, दुखलं काहीच नाही, रक्त मात्र तासभर थांबेना.

सैरंध्रीला तीस मीटरचा मनोरा आहे, खाली कुंती नदी. इथेच धरण होणार होतं, विजेसाठी. सत्तरच्या दशकापासून केरळच्या शास्त्र साहित्य परिषदेने, कवयित्री सुगतकुमारींनी, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी आवाज उठवला, शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने प्रकल्प गुंडाळला आणि 15 नोव्हेंबर 1984 ला हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. मनोऱ्यावर उभं राहून मला आपलं नर्मदेवरचं इंदिरा सागर धरण आठवलं, त्याची पायाभरणी त्याच बाईंनी 23 ऑक्टोबर 1984 ला केली, म्हणजे महिन्याच्या आत इकडे जंगल वाचलं आणि तिकडे त्या धरणात हरसूद गाव बुडायला निघालं. नळाला नर्मदेचं पाणी भरणाऱ्या इंदूरवाल्याने यावर फार बोलू नये, पण आठवलं खरं.

रातकिडे नाहीत म्हणून नाव सायलेंट असं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका, किर्र किर्र चालूच होतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा जीपच्या सीटसाठी कापला. वाघ अर्थातच दिसला नाही, आणि एवढ्या दाट झाडीत तो दहा फुटांवर असता तरी कळलं नसतं. आईला गुडघ्यांमुळे मनोरा चढता आला नाही, ती थर्मास घेऊन खाली बसून राहिली, आम्ही वरून फोटो काढून खाली आलो तर म्हणते, अरे केवढा मोठा पक्षी गेला डोक्यावरून, पिवळी चोच, पंखांचा असा आवाज की वाटलं कुणी पत्रा हलवतंय. मोठा धनेश! गाइड तिच्याशी हसून बोलत होता. आमच्या कुणाकडे त्याचा फोटो नाही.