दापोलीच्या स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान आणि परदेशी मास्तरकीचे कागद

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकानेच बजावलंय, "भाऊसाहेब, नेटवर नाव नका टाकू. दहावीचा निकाल लागला की आधीच इथे पाय ठेवायला जागा नसते." दापोलीच्या एसटी स्टँडच्या आसपास कोणालाही 'गल्फवाला झेरॉक्स' विचारा, हात करून दाखवतील.

मी माध्यमिक शाळेत मुख्य लिपिक होतो. बोनाफाईड, दाखले, सेवापुस्तकं आणि जावक रजिस्टर यांत हयात गेली, त्यामुळे कागदाच्या बाबतीत माझ्याकडून कौतुक सहजी निघत नाही. मालक आमच्याच शाळेचा विद्यार्थी, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या अक्षरातला आहे. म्हणून बरं लिहितोय असं कोणाला वाटलं तर खाली त्याच्या तक्रारीही लिहिल्यात, त्या वाचाव्यात.

काम असं. मुलगी बीएस्सी, बीएड, विज्ञान शिकवते. शारजाच्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचं ऑफर लेटर आलं आणि सोबत यादी: पदवी आणि बीएड साक्षांकित करून, अनुभवाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, आणि जावई व नात मागून जाणार म्हणून लग्नाचा आणि जन्माचा दाखला. मुंबईतल्या एका एजंटाला फोन लावला. त्याने दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं धरून एक गोळाबेरीज आकडा सांगितला. यात सरकारी फी किती आणि तुमची किती, असं विचारलं तर म्हणाला, "अंकल, पॅकेज आहे." फोन ठेवला.

या दुकानात भिंतीवर तक्ता आहे. तीन रकाने: सरकारची फी, मधल्या एजन्सीची, आणि 'माझी' म्हणजे मालकाची. अपोस्टीलच्या (परराष्ट्र मंत्रालयाचा, काही देशांत दूतावासाविना चालणारा शिक्का) ओळीत पहिल्या रकान्यात ५० रुपये. साध्या अटेस्टेशनच्या (बाकीच्या देशांसाठी याच मंत्रालयाचा शिक्का) ओळीत शून्य, कारण परराष्ट्र मंत्रालय त्याला पैसेच घेत नाही. मात्र हे मंत्रालय कागद थेट तुमच्या-माझ्या हातून घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, म्हणून दुसरा रकाना. दूतावासाची फी सगळ्यात जड. ती बदलते, म्हणून ती पेन्सिलने लिहिलेली आहे. त्याचे स्वतःचे फाईल तपासण्याचे ३०० रुपये, पुढे कागद पाठवायला दिला तर दर कागदामागे वेगळे. एवढा तक्ता पाहून मी बाकावर बसलो.

बसल्या बसल्या कानावर पडलं ते असं. आमच्या आधी हर्णैचा एक मुलगा होता, ओमानला शिकवायला निघालेला. त्याला सांगितलं, तुझं काम सोपं, ओमान हेग करारात, म्हणजे एकमेकांचा अपोस्टील मानणाऱ्या देशांत आहे आणि भारतही २००५ पासून आहे, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील लागला की दूतावासात जायला नको. बहारीनलाही तसंच. आमची पाळी आली तेव्हा म्हणाला, "ताईचं लांबचं आहे." शारजा यूएईत, आणि यूएई, कतार, कुवेत त्या करारात नाहीत. तिथे सगळी साखळी लागते: आधी मुंबईत राज्य सरकारचं मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का.

या साखळीतला प्रत्येक जण फक्त आधीच्या माणसाची सही खरी आहे का, एवढंच पाहतो. नमुन्याच्या सहीशी ताडून बघतो आणि आपली मारतो. कागदात काय लिहिलंय, ते दुसऱ्या कागदाशी जुळतं का, हे बघणं त्याचं कामच नाही. ते बघणारा पहिला माणूस थेट शारजाच्या खिडकीत बसलेला असतो, आणि त्याने बोट ठेवलं की सगळे शिक्के असूनही गाडं अडतं. मालक काही वर्षं तिकडे टायपिंग सेंटरमध्ये होता. व्हिसाचे अर्ज भरून देणारी ती दुकानं. त्यामुळे तो आपला कागद महाराष्ट्र कधीच न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्याने वाचतो. ३०० रुपये त्या वाचण्याचे आहेत, आणि माझ्या मते सबंध खर्चातले तेवढेच पैसे पूर्ण वसूल झाले.

उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर नाव कसं छापतात, आपल्याला ठाऊक आहे: आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तिकडचा माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो. म्हणजे काकूंचं नाव ताईचं आडनाव झालं." पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पदवीवर माहेरचं, ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावर दोन्ही, पण तो हाताने लिहिलेला आणि मराठीत. वर माझं स्वतःचं नाव पदवीवर एका 'ए'ने आणि पासपोर्टवर दोन 'ए'ने. त्याने सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले, आणि एका कोऱ्या पानावर कुठल्या कागदावर नाव कसं आहे ते एकाखाली एक उतरवलं. मग उपाय सांगितले. विवाह दाखल्याची इंग्रजीतली प्रत ग्रामपंचायतीकडून नव्याने घ्यायची. वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी राजपत्रात जायची गरज बहुधा पडणार नाही, नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र चालावं. "पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, ताईने शाळेला मेल करून लेखी विचारावं." तिने विचारलं, प्रतिज्ञापत्र चालेल असं उत्तर आलं. त्याच मेलमध्ये दहावी-बारावीचं काहीही साक्षांकित करायला नको, असंही कळलं. एजंटाच्या पॅकेजातला निम्मा भाग तिथेच गळाला.

आता लॅमिनेशन. दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड यांच्या रांगेत लॅमिनेशन आहे, आणि खाली खडूने: 'पदवी व मार्कशीट करून मिळणार नाही'. आपल्या कोकणात जूनपासून कपाटात सुद्धा ओल येते. बुरशी आणि वाळवी दोन्ही टपलेल्या, म्हणून घरोघरी महत्त्वाचा कागद प्लॅस्टिकमध्ये बंद होतो. पण हे शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर लागतात, प्लॅस्टिकवर नाही. मुलीचं बीएडचं प्रमाणपत्र तिच्या सासूबाईंनी मायेने लॅमिनेट करून आणलेलं. हेअर ड्रायरने प्लॅस्टिक सोडवून देणारे लोक आहेत, शाई निघाली की मग रडायचं. मालकाने हात लावला नाही. उलटसुलट पाहून म्हणाला, "हे पासिंग सर्टिफिकेट आहे. पदवी कुठेय?" पदवी कॉलेजात. दीक्षांत समारंभानंतर आलेली, कोणी न नेलेली, कपाटात पडून. (आमच्याही ऑफिसात असे गठ्ठे होते. लोक निकाल लागला की पुन्हा फिरकत नाहीत.) ती कोरी करकरीत मिळाली आणि प्लॅस्टिकचा प्रश्न मिटला.

पोलीस क्लिअरन्सचा घोळ तर तालुकाभर आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, सिक्युरिटीच्या वगैरे नोकरीला तो चालतो. लोक तोच काढून आणतात. परदेशाला लागतो तो पासपोर्ट कार्यालयाचा, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून, कोणत्या देशासाठी हवा ते लिहून. २८ सप्टेंबर २०२२ पासून त्याचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही करता येतो, त्यामुळे कोकणातल्या माणसाची मुंबईची खेप बऱ्याचदा वाचते. मुलीचा पत्ता लग्नानंतर बदललेला असल्याने पोलीस ठाण्याची पडताळणी लागली. मालकाने तिला वाटेला लावताना सांगितलं की घरमालकाचा करार आणि दोन शेजाऱ्यांची नावं तयार ठेव. हवालदाराने नेमकं तेच मागितलं. दुसरी गोष्ट, हा दाखला पासपोर्ट कार्यालयाचाच असल्याने त्याला राज्याच्या मंत्रालयाचा फेरा नाही, तो सरळ परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. हे न सांगता त्याचेही 'मंत्रालय चार्ज' लावणारे महाभाग मला माहीत आहेत.

क्रमही त्यानेच ठरवून दिला. पदवीवरचे शिक्के शिळे होत नाहीत, पोलीस दाखला होतो. बहुतेक ठिकाणी तो सहा महिन्यांच्या आतला मागतात. तेव्हा पदवी आधी, पोलीस दाखला सगळ्यात शेवटी. तिकडच्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलला चालू होतं. म्हणून पदव्या दिवाळीच्या आधी रवाना केल्या आणि दाखल्याला नव्या वर्षात हात घातला.

एका बाबतीत आमचं वाजलं. अनुभवाचा दाखला. मी स्वतः मसुदा करून दिला होता, 'दाखला देण्यात येतो की, सदर शिक्षिका' या थाटाचा, इंग्रजीत. त्याचं म्हणणं, हा फार सोवळा आहे. कोणते वर्ग, कोणता विषय, पूर्णवेळ की तासिकेवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि मुख्याध्यापकांचा फोन व ईमेल, हे हवंच, कारण तिकडून खरोखर मेल करून विचारतात. हे मान्य. पण त्याने दिलेल्या नमुन्यात जावक क्रमांकालाच जागा नव्हती. जावक क्रमांक नसलेला दाखला म्हणजे बेवारस कागद, उद्या कोणी शाळेत चौकशी केली तर रजिस्टरात काय दाखवणार? तो म्हणे तिकडे कोणी बघत नाही. मी म्हटलं, इकडे बघतात. शेवटी त्याचा मजकूर आणि माझा जावक क्रमांक असा दाखला गेला. आता त्याच्या नमुन्यात वर उजवीकडे जावक क्रमांकाची ओळ आहे, तेवढं माझं योगदान.

मूळ कागद हाताबाहेर जाताना मला झोप लागत नाही, हे इथे लिहून ठेवतो. या दुकानात कार्बनचं डुप्लिकेट बुक आहे. प्रत्येक मूळ कागदाचा अनुक्रमांक, पुढून-मागून फोटो, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. रंगीत स्कॅन तुमच्या मेलवर, आणि मगच पाकीट बंद. पाकिटात पुठ्ठा घालतो, म्हणजे घडी पडत नाही. पावसाळ्यात बाहेरून आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी. कोणता कागद कुठे आहे हे आपण विचारल्याशिवाय त्याने कळवलं, असं मात्र म्हणता येणार नाही.

इथून तक्रारी. फोन उचलत नाही. उचलला तर "दुकानात या" म्हणतो, आणि मुरुड-दाभोळकडच्या माणसाला तेवढ्यासाठी एसटीने येणं परवडत नाही. नंबर लावायची पद्धत नाही. सातबारावाले आणि शिष्यवृत्तीचे अर्जवाले एकाच टेबलाशी, जो मोठ्याने बोलेल त्याचं आधी. लाईट गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो पण स्कॅनर बंद, आणि आपल्याकडे जुलैत लाईट किती असते ते सांगायला नको. पैशाची पावती मागितली तर त्याच डुप्लिकेट बुकात खाली लिहून देतो. हिशेब चोख असला तरी छापील पावती हवी, लिपिक म्हणून मला हे खपत नाही. आणि कौतुक करताना सुद्धा लक्षात ठेवा, तो फक्त गल्फचा माणूस आहे.

हे तो लपवत नाही. आमच्या ओळखीचा एक गणिताचा शिक्षक इंग्लंडला प्रयत्न करतोय. भारतातल्या शिक्षकांना तिथली पात्रता मागता येऊ लागल्यापासून बरेच जण चौकशी करतात. त्याला मालकाने सरळ सांगितलं, "ते मला येत नाही, त्यांच्या सरकारी पानावर वाच." त्याने वाचलं. तिथे शिक्षकाच्या व्हिसासाठी गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला पोलीस दाखला लागतो, आणि भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्र. हा गडी मधे दोन वर्षं कतारला होता, म्हणजे आता तिकडचाही दाखला आला. फी न घेता त्याला परत पाठवला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चार तारे देतो. छापील पावतीपुस्तक आलं की पाचव्याचा विचार करू.

जाणार असाल तर: सकाळी दुकान उघडतानाच जा, दुपारी शाळा सुटली की गर्दी. झेरॉक्स नाही, मूळ कागद न्या, आणि जुना रद्द झालेला पासपोर्ट असेल तर तोही. ऑफर लेटरसोबतची यादी छापून न्या, मोबाईलवर दाखवू नका, तो त्यावर पेनाने खुणा करतो. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चुकूनही जाऊ नका. मुंबईहून सगळा गाव आलेला असतो, प्रत्येकाला त्याच आठवड्यात वारसनोंद करायची असते, आणि चतुर्थीला शटर पडलं की विसर्जन झाल्यावरच वर जातं.