पुरुष एस्कॉर्टच्या जाहिराती आणि त्याखालचे रिव्ह्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. तारे निरुपयोगी. "व्हेरिफाइड"चा बॅज उपयोगी, पण लोक समजतात त्या कामासाठी नाही. मजकूर मात्र वाचता आला तर बराच उपयोगी, आणि तो वाचायला शिकायलाच काही महिने लागतात. सुरुवातीला सगळेच रिव्ह्यू खरे वाटतात, मग सगळेच खोटे वाटायला लागतात, आणि दोन्ही वेळा फसायला होतं.

एस्कॉर्टच्या जाहिराती छापणाऱ्या साइटचा गल्ला कुठून भरतो ते पाहिलं की अर्धा उलगडा होतो. वाचणारा सहसा फुकट वाचतो. पैसे देतो तो जाहिरातदार: महिन्याचं भाडं, वर दिसण्याचे जादा पैसे, शहर बदललं की त्याचे वेगळे. अशा ठिकाणी वाईट रिव्ह्यू म्हणजे साइटच्याच गिऱ्हाइकाविरुद्धची तक्रार. म्हणून कुठल्याही साइटवर पहिलं काम म्हणजे रिव्ह्यूचे नियम उघडून तीन प्रश्नांची उत्तरं शोधणं. रिव्ह्यू प्रसिद्ध होण्याआधी जाहिरातदाराची मंजुरी लागते का? तो रिव्ह्यूचा अख्खा विभाग बंद करू शकतो का? जाहिरात काढून पुन्हा टाकली तर जुने रिव्ह्यू पुसले जातात का? पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर ते रिव्ह्यू नाहीत, जाहिरातीचाच पुढचा परिच्छेद आहे. तिसऱ्याचं "हो" असेल तर "सगळे चांगलेच रिव्ह्यू" याचा अर्थ एवढाच, की गेल्या वेळी पाटी पुसल्यापासून अजून कुणी वाईट लिहिलेलं नाही.

दुसरी अडचण मुळातच आहे. भेट ठरते फोनवर किंवा मेसेजवर, पैसे हातोहात जातात, साइटला त्यातलं काही दिसत नाही. त्यामुळे लिहिणारा खरोखर भेटला होता की नाही, हे साइटला तपासताच येत नाही. हॉटेलांच्या बाबतीत हा फरक मोजून झालेला आहे. डीना मेझलिन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात एक्सपीडिया आणि ट्रिपॲडव्हायझर या हॉटेलांचे रिव्ह्यू असलेल्या दोन साइटची तुलना होती. पहिलीवर बुकिंग केल्याशिवाय लिहिता येत नव्हतं, दुसरीवर कुणालाही लिहिता येत होतं. खोटं कौतुक आणि शेजारच्या स्पर्धकाची बदनामी यांच्या खुणा दुसरीवर जास्त सापडल्या. एस्कॉर्ट साइट जवळपास सगळ्या या दुसऱ्या जातीच्या. बॅजचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच, की फोटोतला माणूस आणि ओळखपत्रातला माणूस एक आहे आणि तो सज्ञान आहे. तेवढंही महत्त्वाचं आहेच (वयाबद्दल जराही शंका आली तर ती जाहिरात सोडायची आणि साइटला कळवायचं, तिथे रिव्ह्यू वाचत बसायचं कारण नाही), पण बॅज प्रोफाइलचा असतो, रिव्ह्यूंचा नव्हे.

आता काय लिहिलं जात नाही ते बघा, कारण खरी माहिती तिथे दडलेली असते. सगळ्यात मोठी फसवणूक ॲडव्हान्सची. माणूस पैसे पाठवतो, समोरचा नंबर ब्लॉक करतो, भेट होतच नाही. आणि बऱ्याच साइट भेट झाली नसेल तर रिव्ह्यू घेत नाहीत! म्हणजे ज्यांचे पैसे पूर्ण बुडाले तेच मोजणीतून बाहेर. रिव्ह्यू नसलेली किंवा दोन-तीनच रिव्ह्यू असलेली नवी जाहिरात ॲडव्हान्स मागत असेल, त्यातही गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा "व्हेरिफिकेशन फी", तर तिथे रिव्ह्यूंचा काही आधार नाही. लांबचा प्रवास करून येणारा जाणता माणूस थोडा ॲडव्हान्स मागतो, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच्यामागे वर्षा-दोन वर्षांचा माग असतो.

दुसरी गैरहजेरी घरच्यांपासून लपून भेटणाऱ्यांची. त्यांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी: फसले तरी बोलायची सोय नाही. एस्कॉर्टकडे त्यांचा नंबर असतो, कधी पत्ताही. वाईट लिहिलं तर तो काय करील, ही धास्ती पुरेशी असते. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर २००८ पर्यंत विक्रेताही ग्राहकाला वाईट शेरा देऊ शकत असे, आणि उलट शेऱ्याच्या भीतीने लोक गप्प बसत. तो हक्क काढून घ्यावा लागला. इथे तर नुसत्या शेऱ्याची नाही, ओळख उघडी पडण्याची भीती. त्यामुळे नाराजी आडून येते. "त्या दिवशी थकलेला वाटला", "आमचे सूर जुळले नाहीत, पण माणूस चांगला", "फोनवर जरा व्यस्त होता". अशा वाक्याला चार तारे मिळालेले असले तरी ते दोनचं समजावं. दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या महिन्यांत "फोनवर होता" असं लिहिलं असेल तर ती सवय आहे.

खोटं कौतुक ओळखायला अवघड नाही, कारण ते लिहिणाऱ्याला कंटाळा येतो. जाहिरातीतलीच विशेषणं रिव्ह्यूत परत येतात. खातं नवं, त्यावर एकच रिव्ह्यू, पुढे मागे काही नाही. जाहिरात नव्याने वर आली त्याच आठवड्यात तीन-चार एकदम. आणि मजकुरात देहाचं वर्णन भरपूर, पण भेटीच्या आजूबाजूचं काहीच नाही. खऱ्या रिव्ह्यूत फालतू तपशील असतो: उत्तर यायला किती वेळ लागला, ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं उशीर झाला पण तसा आधी मेसेज आला, फोटो दोनेक वर्षं जुने वाटले, आता दाढी आहे, तासाचे सांगितले तेवढेच घेतले. असं रचण्यात कुणाचाच फायदा नसतो, म्हणूनच त्याला वजन.

सगळ्यात कामाची तपासणी तारखांची आहे, आणि ती फार कमी लोक करतात. फिरते एस्कॉर्ट जाहिरातीत दौऱ्याच्या तारखा टाकतात. रिव्ह्यूतला महिना आणि गाव त्या तारखांशी लावून पाहायचं. जुन्या तारखा साइटवर राहत नाहीत, पण त्याच नावाची सोशल मीडियावरची खाती असतात, तिथे त्या सापडतात. तो जूनभर एका देशात असताना जूनमधलेच रिव्ह्यू दुसऱ्या देशातल्या भेटीचे असतील, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

एक उदाहरण करून पाहू. समजा एका प्रोफाइलवर १४ रिव्ह्यू आहेत, सगळे पाच तारे. त्यातले ६ एकच रिव्ह्यू लिहिलेल्या खात्यांचे, ते बाजूला ठेवले. उरलेल्या ८ पैकी ३ एकाच आठवड्यातले आणि एकाच धाटणीचे, ते गेले. राहिले ५. त्यातले २ अडीच वर्षांपूर्वीचे, तेव्हाचे फोटो वेगळे होते. हाती उरले ३. या तिघांपैकी एकाने इतर एस्कॉर्टबद्दलही लिहिलंय आणि त्यात एक-दोन ठिकाणी स्पष्ट नाराजीही आहे. त्या एका माणसाचा रिव्ह्यू बाकी तेरांपेक्षा जास्त मोलाचा. वाचायचा तो एस्कॉर्टचा इतिहास नव्हे, लिहिणाऱ्याचा. (बाजूला ठेवलेले सहा खोटेच असतील असं मात्र नाही. पहिल्यांदाच धीर करून लिहिणारे खरे लोक असतात. ते जमेला धरायचे नाहीत, एवढंच.)

त्या अडीच वर्षांपूर्वीच्या दोन रिव्ह्यूंबद्दल थोडं. रिव्ह्यू खात्याला चिकटलेले असतात, माणसाला नाही. जुनं, चांगल्या शेऱ्यांचं खातं दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं, विकूनही आणि हॅक होऊनही. खुणा अशा: नाव तेच, पण नंबर बदललेला, उंची अचानक तीन इंच वाढलेली, जुन्या रिव्ह्यूत गोंदणाचा उल्लेख आणि नव्या फोटोत खांदा कोरा, लिहिण्याची भाषाच वेगळी. फोटो गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या सेवांवर टाकून शोधायचे. आधी आहे तसा, मग आरशासारखा उलटा करून, मग फक्त चेहरा किंवा फक्त पार्श्वभूमी कापून, कारण चोरलेले फोटो बहुधा उलटे करून किंवा कापूनच टाकतात. फोटोत दडलेली तारीख-जागेची माहिती शोधत बसू नये, अपलोड करताना साइट ती सहसा पुसतात. शेवटी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात आयत्या वेळी सांगितलेली एखादी हालचाल. यासाठी कुरकुर करणाऱ्यांत फसवे असतात, तसेच आपला चेहरा रेकॉर्ड होईल म्हणून घाबरणारे खरेही असतात. नकार हा पुरावा नाही, पण नकार आणि ॲडव्हान्सची घाई एकत्र आली तर तिथून निघावं.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर, ट्रेव्हॉन लोगन आणि मनीषा शाह यांनी अमेरिकेतल्या पुरुष एस्कॉर्टच्या जाहिरातींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की चेहरा दाखवणाऱ्यांचे दर चढे असतात. नुसत्या अंगाच्या फोटोंनी तसा फरक पडत नाही. कारण सरळ आहे. चेहरा दाखवणारा स्वतःचं काहीतरी पणाला लावतो, फसवलं तर ओळखला जातो. त्याच अभ्यासात हेही होतं, की गिऱ्हाइकं आपापसात फसव्यांची नावं सांगतात आणि त्या धाकानेच बाकीच्या जाहिरातींना वजन येतं. म्हणजे रिव्ह्यूंचा उपयोग आहे, फक्त तो शेजारीशेजारी बसलेल्या ताऱ्यांतून होत नाही.

वाईट रिव्ह्यूही तितकेच तपासावे लागतात. यातले बरेच सूडाचे असतात: घासाघीस नाकारली, निरोधाशिवाय तयार झाला नाही, ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिला नाही. "पैसे कमी कर नाहीतर वाईट लिहीन" अशी धमकी एस्कॉर्टना सर्रास ऐकावी लागते, हे वाचणाऱ्याने विसरू नये. सूडाच्या रिव्ह्यूत शिव्या भरपूर आणि घटना शून्य. खऱ्या तक्रारीत क्रम असतो: काय ठरलं, काय झालं, मग काय बोलणं झालं. एस्कॉर्टने खाली उत्तर दिलं असेल तर तेही पाहावं. "उशीर झाला होता, अर्धे पैसे परत केले" हे उत्तर दहा कौतुकांच्या तोडीचं. उत्तरात गिऱ्हाइकाचं गाव, नोकरी किंवा नावाचं अक्षर फोडलेलं दिसलं तर बाकी काहीही चांगलं असो, त्या माणसाकडे जाऊ नये.

काही गोष्टी रिव्ह्यूंतून कळतच नाहीत. आरोग्याबद्दल कुणी काही लिहिलेलं असेल तर ते वाचून न वाचल्यासारखं करावं; तपासणी ही तपासणीच्या दिवसाची असते, आणि तीही ऐकीव. तसंच, एकासोबत तो जे करायला तयार झाला त्याचं वचन पुढच्याला मिळालेलं नसतं. "रिव्ह्यूत तर लिहिलंय" म्हणून हट्ट धरणारी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळेच कित्येक चांगले एस्कॉर्ट रिव्ह्यूंचा विभाग बंद ठेवतात. म्हणून रिव्ह्यू बंद दिसले की लगेच काळंबेरं आहे असं समजू नये.

जुना माग न सापडण्यामागे कधी कायदाही असतो. जवळपास दोन दशकं चाललेली रेंटबॉय ही पुरुष एस्कॉर्टच्या जाहिरातींची अमेरिकी साइट ऑगस्ट २०१५ मध्ये छापा पडून बंद झाली आणि तिथली प्रोफाइल एका दिवसात गेली. एप्रिल २०१८ मध्ये फोस्टा हा अमेरिकी कायदा (वेश्याव्यवसायाला चालना दिल्याबद्दल साइटलाच जबाबदार धरणारा) आल्यावर काही साइटनी अमेरिकेतल्या वाचकांना दारं लावून घेतली. त्यामुळे "२०१४ पासून या कामात" असं लिहिणाऱ्याला तेव्हाचा पुरावा दाखवता येत नाही, आणि खोटं लिहिणाराही तीच सबब पुढे करतो. खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, पण या धंद्यात तक्रार करायची म्हणजे आधी स्वतः कुठे गेलो होतो ते सांगायचं. कोण करणार?

स्वतः लिहायचं असेल तर खात्याला वेगळा ईमेल ठेवावा, फोन नंबर देऊ नये. अॅशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंधांसाठीच्या साइटचा डेटा २०१५ मध्ये फुटला तेव्हा पैसे भरून खातं "पूर्ण पुसून" घेतलेल्यांचीही माहिती त्यात निघाली होती. तारीख न लिहिता महिना लिहावा, आणि भेटीनंतर दोन-तीन आठवडे थांबून लिहावं, म्हणजे कुणी लिहिलं ते लगेच ओळखता येत नाही. फोटो जुळले का, वेळ पाळली का, ठरलेलेच पैसे घेतले का, रद्द करताना कसा वागला, नाही म्हणायचं तिथे स्पष्ट नाही म्हणाला का: एवढं पुरे. त्याचं खरं नाव, इमारत, घरातल्या खुणा, अंगावरची ओळख पटेल अशी खूण, हे लिहू नये. प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याभराने लॉग-आउट करून तेच पान पुन्हा उघडून बघावं. लिहिणाऱ्याला स्वतःचा रिव्ह्यू दिसत राहतो आणि बाकी कुणालाच दिसत नाही, असाही प्रकार असतो.